चाकं चार, ओढणारी किती?

मुलांनो, चिखलात रुतलेली गाडी तुम्ही नक्की पाहिली असेल. गाव कुठलंही असो, पावसाळ्यात अशी एक तरी जागा असतेच. आमच्या नेकनूरला चांगला डांबरी रस्ता आहे. बीडहून मांजरसुंब्याला यायचं आणि तिथून केजच्या वाटेला लागायचं, की आलं नेकनूर. पण डांबर सोडून शेताकडे, वस्तीकडे वळलात की काळी माती सुरू. एक जोराचा पाऊस झाला की या मातीचं लोणी होतं. मग चित्र ठरलेलं. जीपचं मागचं एक चाक गरगर फिरतंय, चिखलाचे फवारे उडतायत, चारजण मागून ढकलतायत, त्यांचे कपडे रंगपंचमीसारखे झालेत आणि गाडी तसूभर हलत नाही.

आता या चित्रात एक गोष्ट नीट पाहा. गाडीला चाकं चार. फिरतंय मात्र एकच. मागचंच दुसरं चाक अगदी शांत, देवळापुढच्या नंदीसारखं. आणि गंमत म्हणजे त्या शांत चाकाखाली बऱ्यापैकी घट्ट जमीन असते! ज्याच्या पायाखाली घट्ट जमीन आहे ते गप्प, आणि ज्याच्या पायाखाली लोणी आहे तेच पळतंय. व्हायला हवं होतं उलट, नाही का?

‘फोर बाय फोर’ नावाच्या गाड्यांचं सगळं गुपित या एका प्रश्नात आहे. म्हणून आधी तोच सोडवू. घाई करू नका, थारपर्यंत आपण पोचणार आहोत.

पहिली गोष्ट, गाडीची सगळी चाकं गाडी ओढत नाहीत. एस.टी. बस, ट्रक, ट्रॅक्टर, साध्या जीपगाड्या यांची मागची दोन चाकं ओढतात. पुढची दोन नुसती वळायच्या कामाची. लहान मोटारींत बहुधा उलटं असतं. पुढची दोन ओढतात आणि मागची दोन आपली फरफटत येतात. म्हणजे इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो.

आता बैलगाडी आठवा. तिची दोन्ही चाकं आखावर मोकळी असतात. बैल ओढतात ते गाडीला, चाकाला नाही. गाडी वळली की आतलं चाक हळू फिरतं, बाहेरचं जोरात, आणि कुणाचं काही बिघडत नाही. तुम्ही २६ जानेवारीच्या संचलनात रांगेने वळला असाल तर हे तुम्हाला ठाऊक आहे. आतल्या टोकाचा मुलगा जागच्या जागी पावलं टाकतो आणि बाहेरच्या टोकाच्याला अक्षरशः पळावं लागतं.

किती पळावं लागतं, त्याचं गणित करू. जीपच्या डाव्या-उजव्या चाकांत साधारण दीड मीटर अंतर असतं. जीपने पूर्ण मागे वळायचं म्हटलं, म्हणजे अर्धं वर्तुळ, तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा दीड गुणिले २२ भागिले ७, म्हणजे जवळजवळ पावणेपाच मीटर जास्त चालतं. वळण लहान असो की मोठं, अर्ध्या वर्तुळाला फरक तेवढाच. (पटत नसेल तर परिघाचं सूत्र काढा आणि करून बघा.)

बैलगाडीला हे जमतं, पण मोटारीचं काय? तिथे इंजिन चाकांनाच फिरवतं. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर दोघांना सारखंच फिरावं लागणार. मग प्रत्येक वळणावर ते पावणेपाच मीटर कुणीतरी फरफटत काढायचे. टायर झिजणार, दांडा पिळणार, गाडी वळताना कुरकुर करणार. या अडचणीवर शोधलेला उपाय म्हणजे डिफरन्शियल. त्या शोधाला आता दोनशे वर्षं होत आली, म्हणजे पेट्रोलची मोटार यायच्याही आधीचा तो. ट्रकच्या मागे उभं राहून खाली पाहिलं, तर दोन्ही चाकांच्या मधोमध एक भलाथोरला लोखंडी फुगवटा दिसतो. हा राहतो त्या पोटात.

आत काय असतं? दोन्ही चाकांच्या दांड्यांच्या आतल्या टोकांना एकेक दातेरी चक्र. त्या दोन्ही चक्रांना दात भिडवून मधे लहान चक्रं. इंजिन फिरवतं ते या मधल्या लहान चक्रांच्या घराला. गाडी सरळ चालली की लहान चक्रं स्वतःभोवती फिरत नाहीत, नुसती घराबरोबर जातात आणि दोन्ही चाकांना सारखं नेतात. गाडी वळली की ती स्वतःभोवतीही फिरू लागतात. आतलं चाक जेवढं मागे राहील तेवढं बाहेरचं पुढे जातं.

हे डोळ्यापुढे येत नसेल तर औताचं जू आणा. जुवाला दोन टोकांना दोन बैल आणि मधोमध बांधलेली औताची दांडी. वळताना एक बैल पुढे जातो, एक मागे राहतो, जू तिरकं होतं, पण औत ओढलं जातंच. अगदी हेच डिफरन्शियलचं काम. मधला जोर दोघांत सारखा वाटायचा आणि मागेपुढे व्हायची मोकळीक द्यायची.

पण समजा एक बैल ढिला पडला. ओढेचना. मग काय होतं? दुसरा कितीही तगडा असला तरी तो पुढे गेला की जू आडवंतिडवं फिरतं, आणि औत जागेवर. तगड्या बैलाचा जोर वाया. कारण मधोमध बांधलेल्या जुवाचा नियमच असा, की एका टोकाला जेवढा जोर, तेवढाच दुसऱ्या टोकाला चालतो. ढिला बैल दहा किलोने ओढत असेल, तर तगड्याचेही दहाच किलो कामी येतात.

आता कळलं ते नंदीसारखं चाक गप्प का होतं? लोण्यात गेलेलं चाक म्हणजे ढिला बैल. त्याला फिरायला काही जोरच लागत नाही. म्हणून घट्ट जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य जोर मिळतो. वळणावर इतकी शहाणी असलेली वस्तू चिखलात अशी वेड्यासारखी वागते. आणि ड्रायव्हर चिडून ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा काय होतं? फिरणारं चाक आणखी जोरात फिरतं आणि आणखी खोल खड्डा खणतं. रुतलेल्या गाडीत अशी रेस करणाऱ्याला खाली उतरवून त्याच्या हाती फावडं द्यावं असं मला नेहमी वाटतं.

यावर पहिला उपाय कोणता? जी दोन चाकं नुसती बसून आहेत, त्यांनाही कामाला लावायचं. हेच फोर बाय फोर. पहिला चार म्हणजे एकूण चाकं आणि दुसरा चार म्हणजे त्यातली ओढणारी. साधी जीप फोर बाय टू.

पुष्कळ मुलांना वाटतं, फोर बाय फोर म्हणजे मोठ्ठं इंजिन, जास्त ताकद. तसं नाही. इंजिन तेच असू शकतं. फरक पडतो तो जमीन किती ठिकाणी धरली याचा. थोडे आकडे घेऊ. आकडे सोपे पडावेत म्हणून मी धरलेले आहेत. गाडी १६०० किलोची, म्हणजे एका चाकावर ४०० किलो. चिखलात चाकाला आपल्यावरच्या ओझ्याच्या पाचव्या हिश्शाइतकीच पकड मिळते असं धरा. म्हणजे एक चाक ८० किलोचा जोर लावू शकतं. त्याहून जास्त लावला की घसरतं. आता समोर दहाला एक असा चढ आहे, म्हणजे दहा मीटर चाललं की एक मीटर उंची. तो चढायला १६० किलो जोर हवा. शिवाय चिखल चाकांना मागे ओढतो, त्याचे ८० धरू. एकूण २४०. मागची दोन चाकं मिळून देतात १६०. नाही चढत गाडी! चारही चाकं ओढू लागली तर मिळतात ३२०. चढली.

इंजिन शंभर घोड्यांचं असो की दोनशे, या गणितात त्याचा आकडा आलाच नाही, हे लक्षात आलं का?

आता चारही चाकांना जोर पोचवायचा कसा? गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी जोडतात. तिला म्हणतात ट्रान्सफर केस. तिच्यातून दोन लांब दांडे निघतात. एक मागच्या डिफरन्शियलकडे आणि एक पुढच्याकडे. कारण पुढेही आता एक डिफरन्शियल लागतो. पुढच्या चाकांची आणखी एक पंचाईत असते. त्यांनी वळायचंही आणि ओढायचंही. सरळ लोखंडी दांडा वळणार कसा? म्हणून चाकाजवळ त्या दांड्याला सांधा देतात. तुमच्या मनगटासारखा समजा. हात वाकडा केला तरी मूठ फिरवता येते, तसं.

हे सगळं जगभर माहीत झालं ते एका छोट्या गाडीमुळे. दुसरं महायुद्ध चालू असताना १९४० साली अमेरिकन सैन्याला एक हलकी, कुठेही जाणारी गाडी हवी होती. बँटम, विलीज आणि फोर्ड या तीन कंपन्यांनी नमुने करून दिले. त्यातून जी गाडी ठरली ती म्हणजे जीप. युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्डने मिळून सुमारे ६ लाख ४० हजार जीपगाड्या बनवल्या. (हे नाव कसं पडलं यावर लोक अजून भांडतात. आपण नको.) त्या जीपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन लहान दांडे होते. एक पुढची चाकं जोडायला आणि एक वेग कमी करून जोर वाढवायला.

युद्ध संपलं आणि त्याच वर्षी, १९४५ मध्ये, जे. सी. महिंद्रा आणि के. सी. महिंद्रा या भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासोबत कंपनी काढली. नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि पुढे तिथले गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. याच कंपनीने मुंबईत विलीज जीपचे सुटे भाग आणून जोडायला सुरुवात केली आणि मग हळूहळू पूर्ण गाडी इथेच बनू लागली. आपल्याकडे साहेबांची जीप, पोलिसांची जीप आणि बाजारच्या दिवशी टपावरही माणसं घेऊन धावणारी कमांडर, सगळी त्याच घराण्यातली. त्या घराण्यातली आजची प्रसिद्ध लेक म्हणजे थार. पहिली आली २०१० मध्ये, नवीन रूपातली २०२० मध्ये. ती आपल्या नाशिकला बनते.

पण थांबा. थार दिसली की ‘फोर बाय फोर, फोर बाय फोर’ म्हणून ओरडू नका. जानेवारी २०२३ पासून फक्त मागची चाकं ओढणारी थारही मिळते. दिसायला तशीच उंच, तशीच रुबाबदार. चिखलात मात्र तिची गत आपल्या साध्या जीपचीच. बैल शिंगांवरून नाही, कामावरून ओळखावा म्हणतात ते उगाच नाही.

चार चाकं ओढणारी थार किंवा तशी दुसरी गाडी असेल तर आत गिअरशेजारी दुसरा लहान दांडा असतो. काही नव्या गाड्यांत त्याऐवजी बटण. त्यावर चार खुणा असतात: टू एच, फोर एच, एन आणि फोर एल. टू एच म्हणजे नेहमीची चाल, मागची दोनच चाकं. फोर एच म्हणजे चारही. एन म्हणजे कुणालाच नाही. आता तुम्ही विचाराल, “सर, चार चाकं एवढी चांगली, तर मग कायमची फोर एच वरच का नाही ठेवायची?”

फार चांगला प्रश्न. उत्तर सांगण्याआधी एक प्रयोग करा. सायकलची दोन्ही चाकं पाण्याने ओली करा आणि शाळेच्या कोरड्या फरशीवर एक गोल चक्कर मारा. खाली उतरून रेघा पाहा. दोन वेगळ्या रेघा दिसतील. पुढच्या चाकाची बाहेरून गेलेली, मागच्याची आतून. म्हणजे वळणावर पुढची चाकं मागच्यापेक्षा जास्त लांब चालतात.

गाडीतही तेच. आणि अशा गाडीच्या ट्रान्सफर केसमध्ये फोर एच लावलं की पुढचा दांडा आणि मागचा दांडा एकमेकांना घट्ट जोडले जातात. दोघांनी सारखंच फिरायचं. चिखलात, वाळूत, मुरमात ठीक आहे. चाकं जराशी घसरून तो फरक भरून काढतात. पण कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही. मग तो फरक जाणार कुठे? दांड्यांत पीळ साचत जातो, ओला कपडा पिळावा तसा. स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळते आणि शेवटी आतलं काहीतरी महागडं तुटतं. म्हणून डांबर लागलं की परत टू एच.

काही गाड्यांत ही अडचण नसते. त्यांच्यात पुढच्या आणि मागच्या दांड्यांमध्येही एक डिफरन्शियल असतो, किंवा कधी किती जोर पुढे पाठवायचा ते यंत्रच ठरवतं. त्या गाड्या डांबरावरही चारी चाकांनी चालतात. आणि विजेच्या गाड्यांनी तर मोठी गंमत केली आहे. २०२५ मध्ये आलेल्या टाटांच्या विजेवरच्या हॅरियरच्या एका प्रकारात पुढच्या चाकांना एक मोटर आणि मागच्यांना वेगळी मोटर आहे. ट्रान्सफर केस नको, लांब दांडा नको.

राहिली शेवटची खूण, फोर एल. यात चारही चाकं तर ओढतातच, शिवाय ट्रान्सफर केसमधली आणखी काही दातेरी चक्रं मधे येतात. वेग साधारण अडीच पट कमी आणि चाकावरचा जोर तेवढाच पट जास्त. गिअरची सायकल असेल तर घाटात तुम्ही हेच करता. गाडी माणसाच्या चालीने, कधी त्याहूनही हळू चढते. उतारावर तर याचा फार उपयोग. ब्रेक न दाबता इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं. अशा जागी वेग हा शत्रू असतो. हळू फिरणारं चाक जमीन धरतं. जोरात फिरणारं ती उकरतं.

आता मला सांगा, एवढं सगळं असलेली गाडी अडकणारच नाही का? अडकते! शेताचा बांध तिरका ओलांडताना पाहा. पुढचं डावं चाक बांधावर चढतं, मागचं उजवं दुसऱ्या बाजूच्या उंचवट्यावर. मग उरलेली दोन चाकं, पुढचं उजवं आणि मागचं डावं, हवेत लोंबकळतात. पुढच्या जोडीतलं एक ढिलं, मागच्या जोडीतलं एक ढिलं. दोन्ही जुवांवर एकेक बैल बसला. झालं. दोन चाकं हवेत भिरभिरतात, दोन जमिनीवर गप्प, आणि फोर बाय फोर गाडी अडकलेली.

यावरचा उपाय तुमच्या गावातल्या ट्रॅक्टरला कधीपासून आहे. ट्रॅक्टर चालवणाऱ्या काकांना विचारा, “डिफ लॉक कुठाय?” ते पायाशी असलेला एक पायटा दाखवतील. नांगरताना एक चाक घसरायला लागलं की तो दाबायचा. आतलं डिफरन्शियल कुलूपबंद होतं आणि दोन्ही चाकं एकच दांडा असल्यासारखी फिरतात. जणू जू दांडीला असं आवळून बांधलं की ते तिरकं होऊच शकत नाही. मग एक बैल बसला तरी दुसऱ्याचा पूर्ण जोर लागतो. मघाच्या गणितात घसरलेल्या चाकाला १० किलोची पकड आणि दुसऱ्याला ८० ची असेल, तर कुलूप नसताना मिळतात १० आणि १० मिळून २०. कुलूप लावलं की १० आणि ८० मिळून ९०. मात्र कुलूप लावून वळायचं नाही, सरळच जायचं. का, ते संचलनातल्या रांगेवरून सांगा पाहू.

पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा नावाची गाडी आहे. तिला पुढे आणि मागे, दोन्हीकडे असं कुलूप असतं. बांधावर तिरकी उभी राहिली तरी ती निघते.

ट्रॅक्टरचा आणखी एक डाव सांगतो. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या मागच्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे असतात. जे चाक गरगर फिरतंय त्याचाच ब्रेक हलका दाबला की त्याला फिरायला जोर लागू लागतो, आणि मग जुवाच्या नियमाने दुसऱ्या चाकालाही तेवढा जोर मिळतो! नव्या गाड्यांत संगणक हेच करतो. कुठलं चाक जास्त पळतंय ते ओळखतो आणि तेवढ्याच चाकाला ब्रेक लावतो. जाहिरातीत त्याला भारी इंग्रजी नाव असतं. आपल्या ट्रॅक्टरवाल्या काकांना मात्र हा डाव केव्हापासून येतो.

टायरबद्दल मी फार बोलत नाही, पण एक सांगायलाच हवं. काळी माती ओली झाली की टायरच्या खाचांमध्ये गच्च बसते. खाचा बुजल्या की टायर पाटीसारखं गुळगुळीत. मग चार चाकं ओढोत की चाळीस, धरायला काही उरतच नाही. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला एवढ्या उंच, तिरक्या नक्ष्या असतात त्या यासाठी. चाक फिरताना माती बाजूला फेकली जावी. रणगाड्यांनी तर चाकाखाली साखळीचा पट्टाच घातला. ओझं मोठ्या जागेवर पसरलं की रुतायचं नाव नाही. अहिल्यानगरला (२०२४ पूर्वीचं अहमदनगर) जायचा योग आला तर तिथलं टँक म्युझियम जरूर पाहा. सैन्याच्या गाड्यांवर संशोधन करणारी डी.आर.डी.ओ.ची मोठी संस्थाही त्याच गावात आहे.

आता एक गोष्ट मी जरा रागाने सांगणार आहे. फोर बाय फोर गाडी कुठेही जाते असं समजून काहीजण ती पुराच्या पाण्यात घालतात, आणि त्याचे व्हिडिओ तुम्ही मोबाईलवर डोळे विस्फारून पाहता. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात किती पाऊस झाला ते तुम्हाला माहीत आहे. आपल्या बीड जिल्ह्यातही नद्यांनी पात्र सोडलं, पूल पाण्याखाली गेले. अशा पुलावर फोर बाय फोरचा काय उपयोग? गणितच करू. थारची कंपनी सांगते की गाडी ६५० मिलिमीटर खोल पाण्यातून जाऊ शकते. हा आकडा साचलेल्या, संथ पाण्याचा समजायचा. वाहत्या नदीचा नाही.

गाडीचा बंद भाग ४ चौरस मीटर धरा. पाणी गाडीच्या तळाला टेकल्यावर आणखी १० सेंटिमीटर चढलं, की आत शिरेपर्यंत ते गाडीला ४०० किलोने वर उचलतं. बादली पाण्यात दाबून पाहिली असेल तर ही उचल तुमच्या हातांना माहीत आहे. ३० सेंटिमीटर चढलं की १२०० किलो. मग १६०० किलोच्या गाडीचं जमिनीवर ओझं उरलं फक्त ४०० किलो, म्हणजे एका चाकावर १०० किलो. पकड ओझ्यावर अवलंबून, हे आपण आधीच पाहिलं. म्हणजे चारही चाकांची पकड पाव झाली, आणि त्याच वेळी नदी आडवी ढकलतेय. जोर आहे, चाकं फिरतायत, पण धरायला खाली जमीनच नाही. घरची माणसं अशा पाण्यात गाडी घालू लागली तर हे गणित त्यांना वहीत करून दाखवा. मोठ्या माणसांना ओरडून सांगितलेलं पटत नाही, आकडे मात्र कधीकधी पटतात.

ब्रेकचंही तसंच. साध्या मोटारीलाही ब्रेक चारही चाकांना असतात. म्हणजे थांबताना सगळ्याच मोटारी फोर बाय फोर! ओल्या घाटात चढताना चार ओढणाऱ्या चाकांची गाडी तुमच्या पुढे जाईल, पण उतारावर थांबायला तिला तुमच्याइतकीच जागा लागेल.

या आठवड्याचं काम: गावात उभ्या असलेल्या गाड्या पाहा. मालकाला विचारूनच, इंजिन बंद असताना, आणि बाहेरूनच वाकून. गाडीखाली शिरायचं नाही. मागच्या दोन चाकांच्या मधे लोखंडी फुगवटा दिसला तर मागची चाकं ओढतात. पुढेही फुगवटा असेल आणि त्यातून दोन्ही चाकांकडे दांडे गेले असतील तर गाडी फोर बाय फोर. नव्या गाड्यांत त्या पुढच्या दांड्यांवर रबराचे घडीदार भाते चढवलेले दिसतील. आतल्या सांध्यात माती जाऊ नये म्हणून ते असतात. मला वाटतं, दहा गाड्या पाहिल्या तर त्यात एखादीच अशी निघेल. किती पाहिल्या आणि किती निघाल्या ते कळवा.

आणि हे कोडं. ऑटोरिक्षाची मागची दोन चाकं ओढतात, म्हणून तिला छोटासा डिफरन्शियल असतो. पण पायाने चालवायची तीनचाकी सायकलरिक्षा पाहा. मागे दोन चाकं, एकच साखळी, आणि डिफरन्शियलचा पत्ता नाही. तरी ती वळणावर कुरकुर न करता वळते. कशी? उत्तर पुढच्या अंकात.